पासवर्डाचा मान

मांडवगण फराटा
१२ ऑगस्ट २००३

चि. आयेशा हिस पोपटआबाचा आशीर्वाद.

पत्र बघून म्हणशील, आबांना फोनचं काय झालं. दूध संघाच्या फोनवर बोलाय लागलं की अख्खं ऑफिस कान टवकारून बसतं, आन् घरच्या फोनवर बोललो की तुझी काकू मधीच रिसिव्हर घेऊन तुझ्या लग्नाचं काढती. म्हणून लिहितोय.

काम असं हाय. इनामगावात खाजगी डेअरीवाल्यानं गेल्या महिन्यात काटा लावला. दूध ओतलं की मशीन फॅट दावतं आन् तिथल्या तिथं छापील पावती हातात. तिथल्या आपल्या संकलन केंद्रावर तुझा बाप सुभान मशीनवर फॅट बघतो आन् हातानं लिवतो. सुभानवर कुणाचा अविश्वास न्हाई, तरी लोकांना आता छापलेलं लागतंय. इनामगावचं चौथाई दूध तिकडं गेलं. बाकीच्या गावात बी त्यो माणूस जागा बघत हिंडतोय. असंच चाललं तर येत्या उन्हाळ्यापर्यंत आपला टँकर निम्मा रिकामा जाईल, आन् निम्म्या टँकरवर संघ चालत न्हाई. घोडकाठ दूध संघ मी सोळा वर्सं चेअरमन म्हणून सांभाळला. त्यो माझ्या डोळ्यादेखत बुडाला तर मला सोसायचं न्हाई.

म्हणून चौदाही केंद्रांना कॉम्प्युटर घेतलेत. खोकी आली हाईत. आता त्यात घालायचं सॉफ्टवेअर घ्यायचंय. पुण्याच्या एका कंपनीनं कोटेशन दिलंय, ते सोबत जोडलंय. तू तिकडं बंगळूरला कंपनीसाठी सॉफ्टवेअरची खरेदी करतीस म्हंजी नेमकं काय करतीस, ते सुभानला बी धड सांगता येत न्हाई, पर तुला ह्यातलं कळतं एवढं खरं. नीट बघ. कंपनीचा माणूस पृथ्वीराज म्हणून हाय, लय चांगला पोरगा. परवा जेवायलाच होता.

आपला,
पोपटआबा

*

बंगळूर
२१ ऑगस्ट २००३

प्रिय आबा,

सलाम. काकूंना सांगा, लग्नाचं ठरलं की पहिली बातमी त्यांनाच कळवीन, तोवर रिसिव्हर तुमच्याकडे राहू द्या.

कोटेशन दोनदा वाचलं. सॉफ्टवेअर आपण विकत घेत नसतो, आबा. ते वापरायची परवानगी विकत घेतो. या कंपनीची परवानगी नावावर आहे. ज्याचं नाव त्याने वापरायचं, दुसऱ्याने नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे घरी बसून नावं काढा. सकाळी सहाला केंद्रावर कोण बसतं, संध्याकाळी कोण बसतं, ऑफिसात बिलं कोण करतं. ज्याची बोटं बटणांवर पडणार त्याचंच नाव घ्या. शक्य असेल तर माणसाऐवजी केंद्राच्या नावाने परवानगी मागा, म्हणजे माणूस बदलला तरी अडणार नाही.

दुसरं, दरवर्षीची देखभाल त्यांनी छापील किमतीवर लावली आहे. ती आपण प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवर घ्या आणि तीन वर्षं वाढवायची नाही असं लिहून घ्या.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला घाई आहे हे पृथ्वीराजांना कळू देऊ नका. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विकणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त घाई असते, तेव्हा निम्म्यात सुद्धा मिळतं. तोपर्यंत थांबता येत नसेल तर निदान थांबणार आहोत असं दाखवा. आणि सही होईपर्यंत त्यांचं कौतुक करू नका. जेवायला घालायला हरकत नाही, पण मटण नको.

अब्बांना यातलं मी काही विचारलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, ते उगाच काळजी करतात.

तुमची,
आयेशा

*

मांडवगण फराटा
८ ऑक्टोबर २००३

चि. आयेशा हिस आशीर्वाद.

काम फत्ते झालं. करार झाला, झेरॉक्स सोबत हाय. तुझं म्हणणं जवळजवळ सगळं पाळलं. किंमत थोडी उतरवली. लय न्हाई उतरली, ते का ते सांगतो.

एकवीस सप्टेंबरला वार्षिक सभा हुती. मांडव भरून सभासद आलं. खाजगीवाल्याची कुजबुज चालूच हुती. मी उठून सांगितलं की संघ कॉम्प्युटर करतोय, पावती देणार, आन् हे पुण्याचे पाव्हणे त्यासाठीच आलेत. मग पृथ्वीराजचा सत्कार केला. फेटा, शाल, नारळ. टाळ्या म्हंजी विचारू नकोस. आता तूच सांग, भर सभेत ज्याला फेटा बांधला त्याच्याशी दुसऱ्या दिवशी घासाघीस कशी करायची? मी दर काढला तवा त्यो फेटा डोक्यावरून काढून मांडीवर घेऊन बसला हुता. मलाच लाज वाटली. त्यानं आपणहून पाच टक्के सोडलं, मी हो म्हणलो. देखभालीचं बोलायचं राहूनच गेलं.

पंचवीस लायसनं घेतली. दसऱ्याला मशिनांची पूजा केली आन् पासवर्डाचं वाटप केलं. पाकिटात घालून, हळदीकुंकू लावून, एकेकाला स्टेजवर बोलावून दिलं. पेपरात फोटो आलाय, त्यो बी पाठवलाय. गिताबाई संचालिका नऊवारीत कशा उभ्या हाईत बघ.

इनामगावचं दूध अजून उतरतंय. आता पावती सुरू झाली की थांबंल.

आबा

*

बंगळूर
१९ ऑक्टोबर २००३

ती. आबा,

फोटो पाहिला. गिताबाई खरंच छान दिसतात.

मग करार वाचला. त्याच्या शेवटी पंचवीस नावं आहेत. आठ ऑफिसची. उरलेली सतरा संचालक मंडळाची, पहिलं तुमचं. केंद्रावर बसणाऱ्या एकाचंही नाव नाही. म्हणजे चौदा केंद्रांवरचे कॉम्प्युटर चालूच होणार नाहीत. मी काल अब्बांना फोन केला. तिथला कॉम्प्युटर अजून खोक्यातच आहे आणि त्यावर गवताची पेंढी ठेवलीय, असं ते म्हणाले. इनामगावचं दूध निम्म्यावर आलं हेही त्यांनीच सांगितलं, विचारल्यावर.

आबा, मी आठ वर्षं हेच काम करते. जे कधी बसणार नाहीत त्यांच्यासाठी कुणी खुर्च्या घेतल्या की आमच्याकडे एकच प्रश्न विचारतात. तो मला दुसऱ्या कुणाकडून तुमच्याबद्दल ऐकायचा नाही, म्हणून मीच विचारते. या कंपनीने मंडळातल्या कुणाला काही दिलं आहे का? तुम्हाला?

नाही असं उत्तर आलं तर मला बरं वाटेल. पण उत्तर द्या.

आयेशा

*

मांडवगण फराटा
४ जानेवारी २००४

कु. आयेशा सुभान शेख यांस.

तुमचं पत्र पोचून अडीच महिने झालं. दिवाळी झाली, तुमची ईद झाली. सुभानच्या घरी शिरखुर्मा प्यायला गेलो तवा तुमचा विषय निघाला. मी वाटी खाली ठेवली. तुमच्या आईनं, लालबीनं, विचारलं बी, आबा आज साखर कमी झाली का. म्हणलं, न्हाई, बरोबर हाय.

कंपनीनं मला एक पेन दिलं. ते ऑफिसात हाय. कुणाला बी बघता येईल.

सतरा नावं कशी आली ते ऐका. सभेनंतर पृथ्वीराजनं मंडळाच्या बैठकीत विचारलं, नावं कुणाकुणाची घालायची. मी केंद्रावरची यादी खिशातून काढली हुती. तुम्ही सांगितलं तशी. तेवढ्यात व्हाइस चेअरमन शंकरराव म्हणले, पहिलं नाव चेअरमनचं पाहिजे. मी म्हणलो, मला कशाला? ते म्हणले, चेअरमनला पासवर्ड न्हाई आन् केंद्रावरच्या पोराला हाय, हे बरं दिसतं का? मग माझं घातलं. मग व्हाइस चेअरमनचं आलंच. मग तात्याबा कासुर्डीचे, वय अठ्ठ्याहत्तर, सगळ्यात जुनं संचालक, त्यांना कसं वगळायचं? लग्नपत्रिकेत नावं टाकताना जे हुतं तेच झालं. एक नाव राहिलं असतं तर त्याची सगळी भावकी दुसऱ्या दिवशी खाजगीवाल्याच्या काट्यावर दिसली असती. पासवर्ड म्हंजी काय ते मला तवा नीट ठावं नव्हतं. मान हाय एवढं समजलं, आन् मान सारखा वाटावा लागतो.

मला वाटलं, नावं संचालकांची राहू द्या, वापरतील केंद्रवाले. ट्रॅक्टर माझ्या नावावर हाय, चालवतो गडीच ना? पर आता एक बी संचालक पासवर्ड केंद्रावर द्यायला तयार न्हाई. म्हणत्यात, तिथं काय घोळ झाला तर आमच्या नावावर येईल.

आता माझा बी एक प्रश्न. तुम्ही केंद्रं केंद्रं करताय ते संघासाठी, का सुभानच्या केंद्रासाठी? उत्तर द्या.

पो. रा. चेअरमन

*

बंगळूर
१४ जानेवारी २००४

आबा,

‘कु. आयेशा सुभान शेख यांस’ हे वाचून रडू आलं. सांगायला नको होतं, पण आलं.

मी चुकीचं विचारलं. माझ्या कामात माणूस पैशासाठीच चुकतो असं धरून चालतात, आणि आठ वर्षांत मलाही तसंच दिसायला लागलं. मानासाठी सतरा परवाने कुणी घेतले असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. यायला हवं होतं. मी इनामगावची आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो आहे. अब्बांच्या केंद्रासाठीही. खाजगी डेअरीवाल्याने त्यांना बोलावलं आहे, पगारही जास्त देतोय. त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार. जाऊ नका असं मी म्हटलेलं नाही. जा असंही नाही. ते अजून गेलेले नाहीत, एवढंच मला माहीत आहे.

आता कामाचं. करार मी पुन्हा वाचला, या वेळी राग न धरता. अकराव्या पानावर एक कलम आहे. पहिल्या आर्थिक वर्षात परवान्यावरची नावं एकदा बदलता येतात, पैसे न देता. अट एकच, ज्याचं नाव आहे त्याची लेखी संमती हवी. ही सवलत एकतीस मार्चला संपते आणि सगळी नावं एकाच अर्जात द्यावी लागतात, एकाचीही संमती राहिली तर अर्जच घेत नाहीत. नंतर चौदा केंद्रांसाठी चौदा नवे परवाने घ्यावे लागतील, आणि तेवढी ऐपत संघाची नाही हे तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे सतरा सह्या. त्यातून चौदा केंद्रांची सोय होते. उरलेली तीन भीमेपलीकडे, दौंडच्या बाजूला नवीन केंद्रं काढायची तुमच्या मनात होती, त्यांना ठेवा.

पृथ्वीराजांची काळजी करू नका. त्यांना दुसऱ्या संघांना दाखवायला एक चालता संघ हवा आहे. आज ते कुणाला घेऊन आले तर काय दाखवतील, पाकिटं? हे त्यांना सांगा. फेटा न बांधता सांगा. केंद्रावरच्या माणसांना शिकवायचं काम फुकट मागा आणि देखभालीचं राहिलेलं बोलणंही त्याच बैठकीत उरका. मार्च जवळ आलाय, ते ऐकतील.

संमतीचा मसुदा सोबत आहे. पाचच ओळींचा केला आहे.

तुमचीच,
आयेशा

*

मांडवगण फराटा
१ मार्च २००४

चि. आयेशा हिस आशीर्वाद.

तुझ्या ऑक्टोबरच्या पत्रावर चिडून मी जे लिवलं ते फाडून टाक. तुझ्या काकूला कळलं तवा तिनं दोन दिवस मला नुसतं पिठलं घातलं.

पृथ्वीराज येऊन गेला. तू सांगितलं तसं बोललो. चहा दिला, दुसरं काय न्हाई. पाकिटांचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. शिकवणं फुकट, देखभाल दिलेल्या किमतीवर, तीन वर्सं वाढ न्हाई. सगळं लिहून घेतलं. सतरा सह्या आणा, मी नावं बदलतो, म्हणला.

आता सह्यांचं. दिलेला मान मागं घेणं म्हंजी काय असतं ते तुला तिकडं बसून कळायचं न्हाई. बैठकीत पयल्यांदा मी माझं पाकीट टेबलावर ठेवलं आन् सही केली. कुणी माझ्याकडं बघेना. मग गिताबाई उठल्या. त्या म्हणल्या, मी उघडलंच न्हाई, घ्या. त्यांच्या मागनं पाचसहा जणांनी केली.

बाकीच्यांच्या मी घरी गेलो. एकेकाकडं दोन दोन खेपा झाल्या. तात्याबांनी पाकीट देवघरात ठेवलंय. म्हणले, पोपट, देवापुढनं उचलून कसं देऊ? मी म्हणलो, पाकीट राहू द्या, फक्त सही द्या, आतला शब्द आम्ही बदलून घेतो. त्यांनी परत विचारलं, पाकीट राहतंय ना? राहतंय म्हणल्यावर सही केली, वर मला गूळशेंगदाणे दिले.

आज सोळा झाल्या. शंकररावांची राहिली हाय. ती बी होईल. त्यांचं जरा वेगळं हाय, पर होईल. तू अर्ज तयार ठेव.

सुभानला मी खाजगीवाल्याबद्दल विचारलं न्हाई. त्यानं बी काय काढलं न्हाई. काल आम्ही दोघं इनामगावात नदीकडंला बसून कलिंगड खाल्लं. त्यानं मला तीन फोडी जास्त दिल्या, म्हणून मला वाटतं त्यो जाणार न्हाई.

आबा

*

बंगळूर
११ एप्रिल २००४

प्रिय आबा,

सलाम. कंपनीचं पत्र आलं. सतरा नावं तीस मार्चला बदलली. तुमच्या आधी अब्बांनीच फोन करून सांगितलं. अब्बा स्वतः फोन लावत नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे मला आधी वाटलं घरी कुणाचं काही झालं. ते फक्त म्हणाले, ‘पावती छापली.’ मग दोन मिनिटं मशीनचा आवाज ऐकवत बसले.

इनामगावात गेल्या आठवड्यात कितीतरी जण परत आले म्हणे. खाजगीवाल्याला अब्बांनी नाही सांगून टाकलं, हेही परवा आईकडून कळलं. मला किती हलकं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. संघ राहिला, आबा. मी आजवर पुष्कळ मोठे करार केले, कोट्यवधींचे. त्यातल्या एकाचाही मला इतका आनंद झाला नव्हता.

एक गोष्ट विचारायची राहिली. कंपनीने मला माहितीसाठी अर्जाची प्रत पाठवली. सतरा संमत्या बरोबर आहेत. पण खाली चेअरमन म्हणून शंकररावांची सही आणि शिक्का आहे. मी आधी म्हटलं, तुम्ही गावाला गेला असाल आणि त्यांनी तुमच्या वतीने केली असेल. पण तसं असतं तर ‘करिता’ लिहिलं असतं. अब्बांना विचारलं तर त्यांनी मशीनमध्ये कागद अडकला म्हणून फोन ठेवला.

आबा, काय झालं?

तुमची,
आयेशा

*

मांडवगण फराटा
२ मे २००४

चि. आयेशा हिस आशीर्वाद.

तुझ्या नजरेतनं काय सुटत न्हाई. बरोबर हाय ते. मी सव्वीस मार्चला राजीनामा दिला.

शंकरराव म्हणले, वाटलेला मान परत मागणारा चेअरमन ह्या संघाला नको. तुम्ही खाली बसा, मी सही करतो. दोन दिवस मी विचार केला. राजीनामा न्हाई दिला तर एक सही राहती, आन् एक राहिली की बाकीच्या सोळा फुकट. दिला तर संघ राहतो, फक्त मी राहत न्हाई. मग काय, दिला. तुला आधी सांगितलं असतं तर तू काहीतरी तिसरी वाट काढली असतीस, आन् तेवढा वेळ नव्हता. सुभानला मीच गप राहायला सांगितलं हुतं. कागद अडकला न्हवता.

वाईट वाटलं का म्हणशील, तर लय वाटलं. खोटं कशाला बोलू. गेल्या आठवड्यात पृथ्वीराज दुसऱ्या दोन संघांची माणसं घेऊन आला. शंकररावांनी हिंडून सगळं दाखवलं. शंकररावांचाच सत्कार झाला. मी मागल्या रांगेत हुतो. मला वाटलं, नाव तरी घेत्याल. घेतलं न्हाई. घरी येऊन जेवलो न्हाई.

पर हे पत्र त्यासाठी लिवत न्हाई. दुसरंच एक झालंय आन् ते मी कुणाला सांगितलेलं न्हाई, तुझ्या काकूला बी न्हाई.

चेअरमन असताना घरचं दूध गडी केंद्रावर न्यायचा. आता मला काम न्हाई, म्हणून परवा मीच किटली घेऊन गेलो. रांगेत उभा राहिलो. पुढं जा म्हणणारं आता कुणी नव्हतं. इथल्या आपल्या केंद्रावर पयल्यापासनं मल्हारी बसतो. त्यानं दूध ओतून घेतलं, मशीनवर फॅट लागली, पावती बाहेर आली. तीन पॉइंट दोन. मी म्हणलो, मल्हारी, मशीन बिघडलंय. माझं दूध सोळा वर्सं चार पॉइंट एकच्या खाली कवा गेलं न्हाई. मी त्याला दुसऱ्यांदा लावाय सांगितलं. तीन पॉइंट दोन. मागं रांग खोळंबली हुती. सगळे ऐकत हुते.

रांग सरल्यावर मल्हारी मला बाजूला घेऊन गेला. मग म्हणला, ‘आबा, मशीन बिघडल्यालं न्हाई. तुमचं दूध पयल्यापासनं एवढंच लागतंय. चेअरमनच्या दुधाला कमी कसं लिवायचं, म्हणून मी चार-एक लिवायचो. कुणी सांगितलं न्हाई मला. मानाचं म्हणून लिवायचो.’

आयेशा, तुझ्या पत्रात तू विचारलं हुतंस, तुम्हाला कुणी काय दिलंय का. मी छाती काढून न्हाई म्हणलो हुतो. सोळा वर्सं दर दहा दिवसाच्या दुधाच्या पगारात मी दुसऱ्यांच्या दुधाचे पैसे घरी आणत हुतो, आन् मला ठावं बी नव्हतं. तुझा प्रश्न बरोबर हुता. देणारा तेवढा कंपनीऐवजी दुसराच निघाला.

मी मल्हारीला म्हणलो, आता मशीन हाय, आता असं हुणार न्हाई, एवढं तरी झालं. त्यानं मला परत कॉम्प्युटरपुढं नेलं. मी विचारलं, काय रं? तवा त्यानं दावलं. मशीनवर फॅट आली तरी कॉम्प्युटरात हातानं आकडा घालायचं एक बटण हाय. कवा मशीन बंद पडलं तर अडू नये म्हणून कंपनीनं ठेवलंय. त्या बटणानं घातलेला आकडा बी पावतीवर तसाच छापून येतो, फरक कळत न्हाई. मी विचारलं, मी चेअरमन असतो तर परवा माझी पावती कितीची आली असती? त्यो म्हणला, चार-एक.

मग मी विचारलं, शंकररावांचं दूध किती लागतं? मल्हारी किटल्या धुवाय लागला.

मी घरी आलो आन् दोन दिवस हेच घोळत बसलो. मग करार काढला. संघानं एवढे पैसे घातले, त्याचं सभासदाच्या हातात काय पडलं हे तूच मला विचाराय शिकवलंस. आता माझं विचारणं असं हाय. ते बटण बंद करता येतं का? किंवा हातानं घातलेला आकडा पावतीवर वेगळा दिसंल असं करता येतं का? कंपनीला हे कुठल्या शब्दात मागायचं, त्याचे पैसे पडत्यात का, करारात कुठं बसतं, ते बघ. चेअरमनच्या सहीनं मागायचं असंल तर ती सही आता माझ्याकडं न्हाई. पर वार्षिक सभेत प्रश्न विचारायचा हक्क सभासदाला हाय, आन् सभासद मी अजून हाय.

सभा सप्टेंबरात हाय. प्रश्न लिवून पाठव, मला वाचता येईल असा मोठ्या अक्षरात. शंकररावांचं नाव त्यात घालू नकोस. सोळा वर्सांचा फरक किती झाला त्यो हिशोब मी सुभानकडनं काढून घेतोय, तेवढे पैसे भरून मगच उभा राहणार. लोक विचारत्याल, आबा, हे तुम्हाला कसं कळलं? तवा मी पयल्यांदा माझ्याच दुधाचं सांगणार.

तुझा,
पोपटआबा
सभासद, घोडकाठ दूध संघ